ओळखीचं उपटणार नाही

आमच्या भागीरथीवहिनीच्या हातचं बी उगवलं नाही असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. एकदा तिनं मोडक्या छत्रीची काडी काकडीच्या वेलाला आधार म्हणून खोचली, तर श्रावणात त्या काडीला दोन लहान छत्र्या लागल्या. एक मी वापरली. दुसरी शेजारच्या शेवंताबाईनं मागून नेली ती अजून परत केलेली नाही. विश्वास बसत नसेल तर शेवंताबाईला विचारा. छत्री घेतल्याचंसुद्धा ती नाकारेल, यावरूनच काय ते समजा.

पण चांगलं उगवलेलं बी मुळासकट उपटून ज्याचं त्याच्या हातात परत द्यायचं, हे वहिनीनं फक्त एकदा केलं. ती गोष्ट खरी आहे. म्हणजे छत्रीपेक्षा जास्त खरी.

दिवाळे गावाच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला आमचं गाव. साल एकोणऐंशी असेल. सरकारचं नवं शहर तेव्हा जमिनीपेक्षा कागदावरच जास्त उभं होतं. पण कागदाची भूक माणसापेक्षा मोठी असते, त्यानं आमची भातशेती आधीच गिळली होती. माझा थोरला भाऊ सिताराम त्याच सुमारास गेला. वहिनीच्या हाती राहिली घरामागची वाडी. एक विहीर, चार वाफे, एक मांडव. गुरं बांधली तर शेपट्या कुंपणाबाहेर राहतील एवढीच जागा.

आणि राहिली भिंत. माजघराची ती भिंत म्हणजे तिची तिजोरी. काकडी, शिराळी म्हणजे दोडकी, दुधी, चिबूड, कशाचंही बी धरायचं झालं की पेढ्याएवढा शेणाचा गोळा घ्यायचा, त्यात बी दाबायचं, वरून राख लावायची आणि थाप्पकन भिंतीला मारून त्यावर अंगठा उमटवायचा. उन्हाळाभर ते बी भिंतीवर झोपतं. किड्याला राख आवडत नाही आणि उंदराला शेण. पावसाळ्यात गोळा फोडून पेरायचं, नवं बी धरायचं, पुन्हा भिंतीला मारायचं. वहिनीची सासू, म्हणजे माझी आई, असंच करायची. तिच्या सासूनं दिलेलं बी तिनं तसंच चालवलं. यात एकच अट असते. एखादं वर्ष पेरायचं राहिलं तर बी म्हातारं होतं, दोन वर्षं राहिलं तर ते उठतच नाही. जागा नसेल तर भिंतभर अंगठे असून उपयोग नाही.

मृग निघाला आणि एके सकाळी वाडीत चुन्याच्या रेघा पडल्या. चार माणसं खुंट्या ठोकत होती. त्यांच्यामागे टोपी घातलेले एक साहेब, हातात नकाशाची गुंडाळी. त्यांचं नाव कमळाकर. शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस, झाडांवर मनापासून जीव. नव्या शहराच्या बागा उभ्या करायचं काम त्यांच्याकडे.

वहिनी विहिरीवरून कळशी घेऊन आली ती सरळ रेघेवरच उभी राहिली.

"काय चाललंय?"

"बाई, या जागेवर बाग होणार आहे," साहेब म्हणाले. "नकाशात हिरवा ठिपका आहे बघा. लहान मुलांसाठी बाग."

वहिनीनं कळशी खाली ठेवली. वाफ्यांकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"मंग ही काय हाय?"

"ही? ही भाजीची वाडी."

"वाडीत पोरं खेलत नाय?"

"तसं नाही बाई. बाग म्हणजे फुलं पाहिजेत. हिरवळ पाहिजे. बसायला बाक पाहिजे."

"बाक ह्यो घ्या," म्हणत वहिनीनं विहिरीचा कट्टा दाखवला. "फुलं येतील श्रावनात. बाग हाय ती मोडून बाग कराची, हे कंच्या कालेजात शिकवतात?"

साहेबांना हसू आलं. मी इतका वेळ गप्प होतो, आणि गप्प राहणं मला सोसत नाही, हे गावात कुणीही सांगेल. मी पुढे झालो.

"साहेब, आमच्या वहिनीच्या हाताला यश आहे. तुमची खुंटी जरी तिनं लावली तरी तिला फळ धरेल." आणि मी त्यांना छत्रीची गोष्ट सांगितली, काडीपासून मुठीपर्यंत.

साहेबांनी खिशातून दोन पाकिटं काढली. वर फुलांचे रंगीत फोटो, एवढे लालभडक की बाटलीतल्या सरबताची आठवण व्हावी. एक झिनिया, एक अॅस्टर.

"मग हे उगवून दाखवा," ते वहिनीला म्हणाले. "श्रावणात मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. त्या दिवशी इथे फुलं उभी असली तर मी सांगेन, इथे बाग आहेच, ती बाईंच्याच ताब्यात राहू द्या. नसली तर माझा नाइलाज आहे. रस्त्यावर रोलर आणून ठेवलाय, तुम्ही पाहिलाच असेल."

पाहिला होता. नाक्यावर उभा होता, पिवळा, एखाद्या माजलेल्या रेड्यासारखा. त्याचा ड्रायव्हर धर्मराज मराठवाड्याकडचा. तो त्याच्याच सावलीत बसून डबा खायचा.

वहिनीनं पाकिटं हुंगली. "बियाला वास नाय," ती म्हणाली. पण घेतली.

तिनं ते बी परकं म्हणून टाकलं नाही, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो. चांगला वाफा निवडला. माती चाळली. खड्ड्यातलं जुनं शेणखत आणून घातलं, बी चिमटीनं फेकलं, वर राख भुरभुरली, गवत झाकलं. आणि इथेच घोटाळा झाला. त्या खड्ड्यात घरातली वर्षाची सगळी घाण जायची. काकडीच्या बिया, दुधीची सालं, पिकून फुटलेलं शिराळं, माठाचे वाळके तुरे. वहिनीचं खत म्हणजे निम्मं खत आणि निम्मं बियाणं. भाताच्या माणसाला याचं काही वाटत नाही, कारण भाताच्या रोपात जे भात नाही ते दिसताक्षणी हात उपटून टाकतो. पण इथे जी ठेवायची, ती फुलांची रोपंच कुणी पाहिलेली नव्हती!

आठवड्याभरात वाफा असा भरून आला की मुंगीला आत शिरायचं तर वाट विचारावी लागावी. बायका जमल्या. शेवंताबाई आली, डोक्यावरची पाटी घेऊन दिवाळ्याची बायजाबाई कोळीणही थांबली.

"ही काकरी," शेवंताबाई वाकून म्हणाली.

"ही शिराली," वहिनी म्हणाली.

"दोन्ही सारखीच तर दिसतात!"

"दोनच पानं हायत म्हनून. ती पानं बियाच्या पोटातली, ती सगल्यांची सारखीच गुलगुलीत. तिसरं पान येव दे. काकरी असली तर खरखरीत येल, शिराली असली तर कोनाची येल, दुधी असली तर मऊ लुसलुशीत. चोललीस की वास मारंल."

"आनि ही बारीक?"

"मागून लाल हाय ना? माठ."

"आनि हे?" शेवंताबाईनं एका खरखरीत, जोडीजोडीनं पानं काढणाऱ्या रोपावर बोट ठेवलं.

वहिनीनं पान चोळून हुंगलं आणि नकाराची मान हलवली. दुसऱ्या एका रोपावर बोट गेलं, पुन्हा तशीच मान हलली.

"बायजे, तू सांग," शेवंताबाई म्हणाली.

"मना पाल्यातलं काय कलतंय?" बायजाबाई म्हणाली. "खवलं दाखव, नाव सांगते. ह्याला ना खवलं, ना कल्ले. विकाला बसवलं तर कोन घेल?"

दोन दिवसांनी कमळाकर साहेब आले. वाफा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला, मग उकिडवे बसले. माणूस कामाचा होता. झिनिया कुठली, अॅस्टर कुठलं, ते त्यांनी झटकन ओळखलं.

"बाई, रोपं झकास आलीयत! पण दाटी फार आहे. हा भाजीपाला सगळं खाऊन टाकेल. सोपं आहे. तुमच्या ओळखीचं जे जे आहे ते सगळं उपटून टाका. तुम्हाला अनोळखी वाटतं ते ठेवा. ते माझं."

युक्ती बिनचूक होती. मलाही पटली. वहिनी बसली. तिचा हात माठावर गेला, एक रोप उपटलं, दुसरं उपटलं. मग शिराळीवर गेला. त्या रोपानं नुकतंच तिसरं पान काढलं होतं, कोनाकोनाचं, नखाएवढं. वहिनीची दोन बोटं त्याच्या बुडाशी गेली आणि तिथेच राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "परत सांगा."

"काय?"

"काय उपटाचं म्हनालात?"

"ओळखीचं."

"आनि ठेवाचं?"

"अनोळखी ते." साहेबांचा आवाज दुसऱ्या वेळी थोडा खाली आला.

वहिनी म्हणाली, "ही शिराली माज्या सासूच्या सासूची. ह्या गावात माज्या आधी आली. तुमच्या नकाशाच्या आधी आली. शेतात असंच केलंत तुमी. वलखीची उपटलीत सगली. तवा मना कुनी इचारलं नाय. आता इचारताय तर सांगते. मी नाय उपटनार."

"अहो बाई, पण वाडी जाईल! फुलं नसतील तर मी काय दाखवू?"

"ते तुमी बघा."

आणि मग तिनं काय केलं? वाफ्याला पाणी घातलं, माती मऊ केली, आणि सगळी अनोळखी रोपं एकेक करून काढली. एक मूळ तुटू दिलं नाही. विहिरीवर धुतली. मग लावणीच्या वेळी भाताच्या रोपांची बांधतात तशी पेंढ्याच्या काडीनं मूठ बांधली. दोन मुठी झाल्या. त्या साहेबांच्या हातात ठेवल्या.

"तुमची रोपं. चांगली हायत, नावं ठेवाला जागा नाय. सांजच्याला लावा, दोन दिस सावली करा. जगतील. पन तुमच्या जागेत."

साहेब दोन्ही हातांत दोन मुठी घेऊन उभे. आमच्याकडे लावणीला आलेला नवा जावई असाच उभा असतो.

"बाई, मग माझ्या हातात काही राहत नाही," ते म्हणाले.

"दोन्ही हात भरलेत की," शेवंताबाई म्हणाली.

साहेब गेले. त्यांच्या पाठीमागे गावात काय झालं ते ऐका. वहिनीनं माजघराच्या भिंतीवरचे सगळे गोळे काढले. राखून ठेवायचा असतो तो एकसुद्धा ठेवला नाही. तिचं पाहून शेवंताबाईनं आपली भिंत रिकामी केली. मग तिच्या पलीकडच्या घरानं. आणि ते सगळं बी कुठे पेरलं? साहेबांच्या चुन्याच्या रेघेवर! रेघ सरळ होती, चरी मारायची गरजच पडली नाही. इतकी सरळ रेघ आमच्या बापजाद्यांना कधी मिळाली नव्हती. चढायला काठ्या पाहिजेत, तर खुंट्या तयार.

आता खुंट्यांचं सांगतो. त्या ठोकणाऱ्यांनी आळस केला होता. आमच्याच कुंपणाचा पांगारा तोडून त्यांनी खुंट्या केल्या होत्या, ओल्या. पांगाऱ्याची ओली काठी पावसात जमिनीत घातली तर ती काय करेल? महिन्याभरात प्रत्येक खुंटीला पालवी फुटली. त्यावर वेल चढले. सरकारी हद्द हिरवीगार झाली. एक दुधी तर नाक्यापर्यंत जाऊन रोलरवर चढला आणि त्याच्या स्टिअरिंगला दोन वेटोळी घालून बसला. धर्मराज सकाळी गाडी सुरू करायला गेला तर दुधीनं त्याला ओळख विचारली, असं मी सांगत नाही, धर्मराज सांगतो.

पाहणीचा दिवस उजाडला. मोठे साहेब अकराला येणार असा निरोप होता. शेवंताबाई सकाळी वाडीत आली आणि छाती बडवायला लागली.

"भागीरथी, एक फूल नाय गो! सगला पालाच पाला!"

"शिराली हाय ती. मावलतीला फुलंल."

"साहेब अकराला येतंय!"

"येव दे. शिराली त्याच्या टायमाला नाय फुलनार. तिच्या टायमाला फुलंल."

"तवर थांबंल का तो?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या तोंडाला गावानं नावं ठेवली, त्या तोंडाकडे दोन बायका आशेनं बघत होत्या. मी धोतर झटकलं.

मोठी माणसं वेळेवर येत नाहीत, हा पहिला फायदा. जीप आली ती दुपार कलताना. मोठे साहेब उतरले, रुमालानं मान पुसली, मागे कमळाकर साहेब, चेहरा उतरलेला. मोठ्या साहेबांची नजर पहिल्याच खुंटीवर गेली.

"कमळाकर, या खुंट्यांना पानं कशी?"

"पांगारा आहे सर. ओलं लाकूड."

"नाही साहेब," मी पुढे होऊन म्हणालो, "ते यांना माहीत नाही. ही खाडीकाठची जमीन. इथली खुंटी भरतीला खाडीकडे सरकते आणि ओहोटीला परत येते. कधीकधी येत नाही. माझ्या आजोबांनी बैलाला बांधलेली खुंटी पौर्णिमेला सरकली, सकाळी बैल उरणला."

"काहीतरीच!"

"मोजून बघा."

आता शिकलेल्या माणसाला मोजून बघा म्हटलं की तो मोजल्याशिवाय राहत नाही. टेप काढली. एक टोक त्यांच्या माणसाच्या हातात, दुसरं धरायला कुणीतरी पाहिजे म्हणून मी धरलं. माप नकाशापेक्षा हातभर जास्त भरलं. पुन्हा मोजलं. हातभर कमी. मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला. तिसऱ्यांदा मोजलं तर तिसरंच. टेपचं दुसरं टोक माझ्याकडे होतं, यापेक्षा जास्त मी काही बोलणार नाही.

"भरती चालू आहे," मी म्हणालो. "जरा चहा घ्या, पाणी स्थिरावू द्या."

चहा झाला. बायजाबाईनं तळलेले बोंबील आणले. धर्मराजला रोलर आणायला सांगितलं होतं; तो लांबूनच म्हणाला, "साहेब, इंजिन गार पडलंय. आन् वर दोन दुधी धरलेत. फळ धरलेल्या वेलावर हात टाकायला आमच्या आईनं शिकवलं न्हाई." मी तोवर छत्रीच्या गोष्टीवर आलो होतो, आणि मोठे साहेब, खोटं कशाला बोला, तिसरा बोंबील खात विचारत होते, "मग दुसऱ्या छत्रीचं काय झालं?"

"विचारा तिलाच," मी शेवंताबाईकडे बोट केलं.

"मी कंची छत्री घेतली?" शेवंताबाई कडाडली. "मेल्या, तुज्या जिभेला हाड हाय का?" आणि त्या भांडणात आणखी बराच वेळ गेला. ते भांडण ठरवून होतं की खरं, हे मला आजही सांगता येत नाही.

ऊन खाली आलं. मांडवाची सावली विहिरीवर चढली. मोठे साहेब एकदम भानावर आले, उठले. "बरं, चला. कमळाकर, इथे फुलांची बाग दाखवणार होतास ना? कुठाय?"

कमळाकर साहेबांनी काखेतली नकाशाची गुंडाळी हातात घेतली. वहिनी पदर खोचून रेघेवर उभी होती, जिथे पहिल्या दिवशी कळशी घेऊन उभी राहिली होती, तिथेच.

"वाईच थांबा," ती म्हणाली.

आणि मांडवाच्या कडेला एक कळी हलली. मग तिच्या शेजारची. शिराळीचं फूल उघडतं तेव्हा बघायला थांबावं लागतं, पण एकदा सुरू झालं की थांबत नाही. पिवळं, पातळ, कागदासारखं. मांडवावर, रेघेवर, खुंट्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत चुना होता तिथे पिवळी रेघ उठत गेली. मधून मधून दुधीची पांढरी. मी एवढा बोलणारा, पण त्या वेळी गप्प होतो. शेवंताबाईनं हे अजूनही लक्षात ठेवलंय.

"छान आहे," मोठे साहेब हळूच म्हणाले. मग सावरून म्हणाले, "पण ही भाजीच ना?"

"भाजीच," वहिनी म्हणाली. "सांजच्याला बगाची, सकाली खावाची. तुमच्या फुलाला काय येतं?"

"हे कुणाच्या परवानगीनं लावलं?"

"रेघ तुमी मारलीत. मी समजले, पेराला मारली."

मोठे साहेब कमळाकर साहेबांकडे वळले. "तुझं काय म्हणणं?"

कमळाकर साहेबांनी नकाशा उलगडला. हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"सर, नकाशात इथे बाग आहे. जागेवरही बाग आहे. बाग आहे ती मोडून बाग करायची, हे... मला कॉलेजात शिकवलेलं नाही."

वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्या दिवसापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल.

खाडीवरून डास निघाले होते. मोठे साहेब पोटऱ्या खाजवत जीपकडे चालू लागले. "रोलर पुढच्या कामाला लावा," म्हणाले. "इथे कशाला अडकवून ठेवलाय?" जाताना चार कोवळी शिराळी जीपमध्ये ठेवून घेतली. धर्मराजनं दुधीची वेटोळी हातानं सोडवली, कुणी तुडवू नये म्हणून वेल बांधावर वळवला, आणि मगच इंजिन सुरू केलं. ते लगेच सुरू झालं.

वाडी राहिली. आज तिच्या तिन्ही बाजूंना सोसायट्या आहेत, वरच्या मजल्यावरची माणसं खाली बघून विचारतात, ही कसली बाग? वहिनी मान वर न करता वाफ्याला पाणी घालत राहते.

पुढच्या उन्हाळ्यात कमळाकर साहेब घरी आले. हातात झिनियाची वाळलेली फुलं, बियांसकट. वहिनीनं परत दिलेल्या त्या दोन मुठींतली रोपं त्यांनी आपल्या क्वार्टरपुढे लावली होती. "सगळी जगली बाई," ते म्हणाले. "आता मला शिराळीचं बी द्या."

"बी कागदात नाय देत मी," वहिनी म्हणाली. "भिंत हाय का?"

"क्वार्टरला आहे. पण आताच डिस्टेंपर मारलाय. आकाशी."

"मंग चांगलं चिकटंल."

आणि दुसऱ्या दिवशी ती शेणाची पाटी घेऊन खरोखरच गेली. मी बरोबर होतो. साहेबांच्या बायकोच्या डोळ्यांदेखत तिनं गोळ्यात बी दाबलं, राख लावली, त्या आकाशी भिंतीवर तो थाप्पकन मारला आणि अंगठा उमटवला. साहेबांची बायको तोंडाला पदर लावून उभी.

"पावसात फोर आनि पेर," वहिनी साहेबांना म्हणाली. "नाय पेरलंस तर मी बगाला येनार हाय."

तो गोळा फोडायच्या आधीच भिंतीतून वेल निघाला, गच्चीवर गेला, आणि तिथून तारेवरून शेजारच्या इमारतीत उतरून तिथल्या सेक्रेटरीच्या खिडकीत फुलला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण त्या गच्चीवर आजही संध्याकाळी पिवळं काहीतरी दिसतं, आणि साहेबांनी डिस्टेंपर तर आकाशी मारला होता.